भोंग्यावर चालणारं घर

"विकायचं? हे घर? अरे, झोपलंय म्हणतो ना तू त्याले? मी उठवतो! तीन-तीन शिफ्टमध्ये चालवून दाखवतो!"

दयाराम गजभिये हे फोनवर इतक्या जोरात बोलले, की पुण्यात बसलेल्या मुलाला ते फोनशिवायही ऐकू गेलं असतं. चंपाबाई कणकेच्या हातानेच धावत बाहेर आल्या.

"काहून ओरडून राहिले? शेजाऱ्यायले वाटंल, घरात भांडण लागलं!"

"भांडणच आहे! तुझा पोरगा आपलं घर विकून राहिला!"

पोरगा म्हणजे अश्वजीत. पुण्यातल्या एका कंपनीत त्याची नोकरी होती, आणि लोकांनी आपला पैसा कुठे ठेवावा हे त्यांना समजावून सांगायचं, हेच त्याचं काम. दिवसभर परक्यांना समजावून थकला की संध्याकाळी तो बापाला समजावत असे. त्याचं म्हणणं साधं होतं. आई-बाबा जबलपूरला दोघंच. तिथल्या रांझी भागातलं हे घर म्हणजे नुसता झोपलेला पैसा. ते विकावं, त्यात आपली भर घालून पुण्यात मोठा फ्लॅट घ्यावा आणि सगळ्यांनी एकत्र राहावं.

"बाबा, संपत्ती तीच, जी आपल्यासाठी काम करते," तो म्हणाला होता. "तुमचं हे घर काय काम करून राहिलं? सांगा ना! कुछ भी नहीं!"

हे वाक्य दयारामांना फार लागलं. कारण रिटायर झाल्यापासून तेही काहीच काम करत नव्हते!

अख्खं आयुष्य त्यांनी पलीकडच्या फॅक्टरीत लेथ मशीनवर काढलं होतं. फॅक्टरीचा भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं, भोंगा झाला की सायकल काढून घरी. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच सोमवारी भोंग्याबरोबर ते अंघोळ करून, डबा घेऊन थेट गेटपर्यंत पोचले होते. पहारेकऱ्याने सलाम केला तेव्हा त्यांना आठवलं. मग गेटसमोरच्या कट्ट्यावर बसून त्यांनी डबा खाल्ला आणि घरी येऊन चंपाबाईंना सांगितलं, की फिरायला गेलो होतो. चंपाबाईंनी रिकामा डबा घासून ठेवला आणि फिरायला डबा कशाला, हे विचारलं नाही. असं माणूस मिळायलाही नशीब लागतं!

आणि घर? घराची वीट न् वीट ओव्हरटाइमची. स्वयंपाकघर एका उन्हाळ्याच्या ओव्हरटाइमचं, व्हरांडा दुसऱ्या उन्हाळ्याच्या. अश्वजीतची खोली तर सलग रात्रपाळ्यांची. ते विकायचं, म्हणजे आपणच जागून काढलेल्या रात्री कोणीतरी भंगारात तोलून घेतल्यासारखं! तरी पोराच्या मनात खोट नव्हती, हेही त्यांना कळत होतं. म्हणून तर राग काढायला जागाच सापडेना.

शेवटी तह झाला.

"ठीक है, एक महिना," अश्वजीत म्हणाला. "घराने कमवून दाखवलं तर विषय बंद. नाही तर मी डीलरला घर दाखवणार, अन् तुम्ही दोघं सामान बांधायचं. चालेल?"

"चालंल काय, पळंल!" दयाराम गरजले.

आता, पोराचा बापाच्या धंद्यावर विश्वास नसण्याला कारणं होती. रिटायर झाल्यावर दयारामांनी आधी शेअर घेतले होते. सकाळी घेतले, संध्याकाळी भाव पडला, तर दुसऱ्या दिवशी ते दलालाच्या ऑफिसात जाऊन उभे! "माल खराब निघाला भैया, बदलून द्या!" त्यानंतर त्यांनी पलंगाखाली मशरूम लावली. ती उगवलीही छान. पण चंपाबाईंना वाटलं पलंगाला कीड लागली, आणि त्यांनी सगळं पीक फिनाईलने धुऊन काढलं. एवढा तोटा होऊनही दयाराम खचले नाहीत. उलट त्यांना वाटलं, आपण अजून आपल्या ओळखीच्या वाटेने गेलोच नाही! आणि त्यांच्या ओळखीची वाट एकच होती, शिफ्टची.

व्हरांडा चांगला ऐसपैस. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, खाली गार फरशी. त्यांनी त्याच्या तीन पाळ्या पाडल्या. सकाळच्या भोंग्यापासून जेवणाच्या भोंग्यापर्यंत अंजनी दीदीचा योगवर्ग. जेवणाच्या भोंग्यापासून सुट्टीच्या भोंग्यापर्यंत प्रियंकाचं ब्यूटी पार्लर. आणि सुट्टीच्या भोंग्यानंतर बंडूच्या बँडची प्रॅक्टिस! तिघांकडून वेगवेगळं भाडं. एकच व्हरांडा, तीन मिळकती. फॅक्टरीतलं मशीन कधी एका शिफ्टसाठी घेतात का?

भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने नियम रंगवला: "भोंगा हेच घड्याळ. भोंगा होताच जुनी शिफ्ट बाहेर, नवी आत. जो चुकला त्याची पाळी बुडाली. भाडं परत नाही."

"अंकलजी, मोबाइल में टाइम देख लेंगे ना," अंजनी दीदी म्हणाली होती.

"बेटा, मोबाइल की बैटरी उतरती है. भोंगा कभी उतरा क्या?"

यावर रांझीत कोण काय बोलणार! इथे चुलीवरचा भात भोंग्यावर उतरतो आणि पोरं भोंग्यावर शाळेला निघतात. सगळ्यांनी मान डोलावली.

आणि गंमत बघा, महिनाभर घर खरंच चाललं! भोंगा झाला की चटया गुंडाळल्या जात, खुर्च्या येत. पुन्हा भोंगा झाला की खुर्च्या जात, ढोल येत. दयाराम दारात हात मागे बांधून फोरमनसारखे उभे राहत. आता भोंग्याला त्यांचंही काहीतरी देणंघेणं होतं! त्यांची पाठ सरळ झाली. चंपाबाईंना म्हणू लागले, "पाहून राहिली का वो? घर जागं झालं!"

"घर जागं झालं, पण माही दुपारची झोप गेली ना," चंपाबाई म्हणत. पण म्हणता म्हणता हसत.

महिना संपला आणि अश्वजीत सकाळच्या गाडीने येऊन धडकला.

"जय भीम, बाबा. मी डीलरला बोलावून ठेवलंय. अनुपमजी नाव आहे. अकरा वाजता येतील."

दयारामांचा चेहरा पडला. "काहून? तुझा विश्वास नाही?"

"आहे ना. पण डोळ्यांनी पाहू द्या. शिफ्ट नीट चालली, तर अनुपमजींना चहा पाजून वापस पाठवू. प्रॉमिस."

एवढं ऐकून दयारामांना हुरूप आला. चंपाबाईंनी तर पोरगा येणार म्हणून भलंमोठं पातेलं चढवलं होतं. पोहे, आणि वर घालायला हरभऱ्याची झणझणीत तर्री, अगदी नागपूरची. जबलपुरात पोह्यांबरोबर जिलबी खातात, पण गजभियेंच्या घरी तर्रीशिवाय पोहे म्हणजे अपमान!

त्याच गडबडीत त्यांनी आणखी एक काम उरकलं. मुगाच्या वड्या घालायच्या होत्या. दारात आलेला ताजा पेपर त्यांनी उचलला, न वाचता गच्चीवर नेऊन अंथरला, आणि त्यावर वड्या घातल्या. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्या वड्यांखाली होतं.

अकराला थोडा वेळ होता. व्हरांड्यात योगवर्गाच्या बायका चटयांवर उताण्या पडल्या होत्या. अंजनी दीदी हळू आवाजात सांगत होती, "शरीर ढीला छोड़िए… सब भूल जाइए…" दोघीतिघी तर सगळं विसरून घोरतही होत्या. अश्वजीत दारात उभा राहून बघत होता.

"बाबा, मानलं तुम्हाला," तो हळूच म्हणाला. "हे तर खरंच सिस्टिममध्ये आहे."

दयारामांचे डोळे भरून आले. घर वाचलं!

आणि भोंगा झाला.

"खाने की छुट्टी? इतनी जल्दी?" अंजनी दीदी दचकली. पण नियम म्हणजे नियम! बायका उठल्या, चटया गुंडाळू लागल्या. फक्त दोघी घोरणाऱ्या उठल्या नाहीत. तोवर गल्लीच्या टोकाहून प्रियंका धापा टाकत आली. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात बादली, आणि मागे दोन गिऱ्हाइकं, अर्ध्या वाटेतच तोंडाला मुलतानी माती लावलेली.

"काका, आज भोंगा लवकर कसा झाला? मी घरीच लेप लावून राहिली होती! पाळी बुडाली नाही ना?"

"नाही, नाही, ये!" दयाराम म्हणाले. त्यांनाही काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. पण भोंग्यावर शंका घ्यायची त्यांना सवयच नव्हती. लोक आपल्या बापावर घेतील, पण भोंग्यावर नाही!

खुर्च्या मांडून होतात न होतात, तोच पुन्हा भोंगा!

"आता हे काय?" अश्वजीत म्हणाला.

"सुट्टी झाली असंल," दयाराम क्षीण आवाजात म्हणाले.

"बाबा! सव्वाअकरा पण नाही झाले!"

पण बंडू मोबाइल बघत नव्हता, भोंगा ऐकत होता. तो आणि त्याची बँडपार्टी गल्लीतून अक्षरशः पळत आली. एकाच्या गळ्यात ढोल, एकाच्या अंगावर नुसती बनियन आणि डोक्यावर बँडची झुपकेदार टोपी, एकाच्या तोंडात अजून घास.

"काका, जेवण अर्धं टाकून आलो! चला, चला, खाली करा!" आणि नियमाप्रमाणे जागा आपल्या ताब्यात आली म्हणून त्याने ढोलावर एक सणसणीत थाप मारली. तरी त्या दोघी उठल्या नाहीत. योग मुरला की असा मुरतो!

"खाली काहून करू?" प्रियंका चिडली. "माझ्या गिऱ्हाइकाचा लेप ओला आहे!"

"हमारी तो चटाई भी नहीं उठी!" अंजनी दीदी म्हणाली.

"भोंगा झाला म्हणजे झाला!" बंडूने भिंतीवरचा नियम दाखवला.

नेमके त्याच वेळी फाटकातून अनुपमजी आत आले. पांढरा शर्ट, हातात हेल्मेट, चेहऱ्यावर घर आवडल्याचं हसू. ते हसू पायरीवरच थांबलं. समोर दोन बायका मेल्यासारख्या पडलेल्या. त्यांच्या डोक्याशी मातीच्या तोंडाच्या दोन बायका. त्यांच्यामागे झुपकेदार टोप्या.

"भाईसाहब," त्यांनी अश्वजीतला विचारलं, "ये सब कौन लोग हैं?"

अश्वजीतने तोंड उघडलं. पण त्याच्याआधी दयाराम पुढे सरसावले. घराची कमाई दाखवायची हीच तर वेळ होती!

"सब भाड़ा देते हैं जी! एक-एक का अलग भाड़ा!"

अनुपमजींनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. "तो… ये लोग खाली कब करेंगे?"

"हम काहे को खाली करें?" अंजनी दीदी उसळली. "सबसे पहले हम आए हैं!"

"हम भी नहीं करेंगे!" प्रियंका म्हणाली. आणि मातीच्या दोन तोंडांनी, हलायची बंदी असल्यामुळे, फक्त डोळे वटारून तिला दुजोरा दिला.

"कब्जा तो अभी हमारा है," बंडू म्हणाला. "दीवार पर लिखा है, पढ़ लो!"

आणि तिसरा भोंगा झाला!

आता हिशेब असा. जेवणाचा झाला, सुट्टीचा झाला. तिसरा म्हणजे पुन्हा सकाळचा! चटया घेऊन गल्लीपर्यंत पोचलेल्या योगवर्गाच्या बायका तशाच मागे फिरल्या आणि फाटकातून आत घुसल्या. "दीदी, हमारी शिफ्ट लग गई!" अनुपमजी पायरीवर मध्येच सापडले. कोणाची तरी चटई त्यांच्या हेल्मेटवर बसली. कोणाचा तरी मातीचा हात त्यांच्या पांढऱ्या शर्टवर उमटला. ते जाळीदार कुंपणाला पाठ लावून कसेबसे फाटकाकडे सरकले.

"भाईसाहब," ते अश्वजीतला ओरडून म्हणाले, "एक किरायेदार निकालने में आदमी बूढ़ा हो जाता है! आपके यहाँ तो तीन पार्टी बैठी हैं, दो लेटी हैं, और बाकी अभी आ रही हैं! ये मकान पूरे जबलपुर में कोई नहीं छुएगा!"

स्कूटर सुरू झाली. बंडूच्या क्लॅरिनेटवाल्याला वाटलं पाहुणे निघाले. त्याने सवयीने मुलीच्या पाठवणीची धून धरली. अनुपमजी त्या धुनेवर गल्लीच्या वळणाआड गेले.

मग सगळ्यांच्या माना एकदमच फाटकाकडे वळल्या. कारण आता फाटकात गळ्यात शिटी अडकवलेला एक स्वयंसेवक उभा होता. त्याने फरशीवर घोरणाऱ्या दोघींकडे बोट दाखवलं.

"पूरे मोहल्ले में सिर्फ ये दो बहनजी ठीक से लेटी हैं! शाबाश! बाकी सबने अभ्यास बिगाड़ दिया!"

"कैसा अभ्यास?" दयारामांनी विचारलं.

"मॉक ड्रिल, दादाजी! हवाई हमले का! भोंगा तीन बार बजेगा, सब लोग लेट जाएँ। आज के अखबार में छपा तो है। अखबार नहीं पढ़ते क्या?"

सगळ्यांनी दयारामांकडे पाहिलं. दयारामांनी चंपाबाईंकडे पाहिलं. चंपाबाईंनी गच्चीकडे पाहिलं, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "वड्या वाळल्या असतील, पाहून येते."

पण त्या गेल्या नाहीत. त्यांचं लक्ष नवऱ्याच्या तोंडाकडे गेलं होतं. दयाराम पायरीवर बसले होते. पाठ वाकलेली, अगदी गेटसमोर डबा खाऊन आले होते तशी.

"बाबू," ते मुलाला म्हणाले, "तू बरोबर होता. माह्यानं नाही जमलं. चाल, सामान बांधतो."

चंपाबाई आत गेल्या आणि पातेलंच घेऊन बाहेर आल्या.

"आधी सगळे खाली बसा! माहा पोरगा घरी आला आहे, कोणी उपाशी जाणार नाही. अंजनी, ताटल्या घे वो. अश्वजीतचे बाबा, तुम्ही काहून बसले? तर्री वाढा!"

हुकूमच तो! दयाराम उठले. व्हरांड्यात चटया सरळ झाल्या. योगवाल्या, पार्लरवाल्या, बँडवाले एका ओळीत बसले. तर्रीचा वास सुटताच त्या दोघी निद्रिस्त योगिनीही उठून बसल्या. ढोलाने जे जमलं नाही, ते हरभऱ्याने केलं! मातीच्या तोंडांनी लेपाला तडे जाऊ दिले, पण घास सोडला नाही. वजन कमी करायला आलेल्या बायकांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. स्वयंसेवक शिटी खिशात घालून बसला. दयाराम इकडून तिकडे धावत होते. "बंडू, तुले अजून? दीदी, नींबू? अरे, तिकडे पाणी द्या!" भांडण कशावरून होतं, हे आता कोणाला नीट सांगताही आलं नसतं.

जाताना बंडूने ताटलीखाली नोट सरकवली.

"हे काय रे?" चंपाबाई रागावल्या.

"काकी, ठेवा ना. बाहेर असे पोहे भेटतच नाहीत. उद्या पण करसाल का?"

मग अंजनी दीदीने ठेवली. मग स्वयंसेवकानेही.

गर्दी पांगल्यावर अश्वजीत बापाशेजारी पायरीवर येऊन बसला. दयाराम घामाघूम झाले होते, शर्टावर तर्रीचे डाग होते.

"बाबा, घर आता विकलं जात नाही," अश्वजीत म्हणाला. "अनुपमजी सगळ्या बाजारात सांगतील. कोई आएगा ही नहीं."

"माफ कर बाबू."

"अहो, मी खुश आहे!" आणि तो खरंच हसत होता. "तुम्हाला वाढताना पाहिलं ना मी. लहानपणी तुम्ही गेटकडे असेच पळत जायचे. मला वाटलं होतं, घर झोपलंय. पुण्यात नेऊन मी तुम्हालाच झोपवणार होतो, बाबा. राहा इथेच."

दयारामांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला, तर्रीचाच. मनातल्या मनात ते सगळ्यांचे आभार मानत होते. भोंग्याचे मानले, वड्यांचे मानले, झोपेतून न उठलेल्या त्या दोन माउल्यांचे मानले, आणि अनुपमजींच्या घाबरट स्वभावाचे तर हात जोडून. चंपाबाईंचे कसे मानावेत, ते मात्र त्यांना सुचलं नाही. इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

ते पुढच्या आठवड्यात सुचलं. तीन मिळकतींपैकी एकही उरली नव्हती. अंजनी दीदीला शांत जागा हवी होती, प्रियंकाने बाजारात दुकान घेतलं आणि बंडूला गल्लीनेच हात जोडले. पण जेवणाच्या भोंग्याला फॅक्टरीतून माणसं व्हरांड्यात येऊ लागली, तर्री-पोहे खायला. पाटी नाही, जाहिरात नाही. आणि त्या माणसांत दयारामांचे जुने सोबतीही होते. दयारामांनी आभार तोंडाने मानलेच नाहीत, ते सरळ चंपाबाईंच्या हाताखाली कामाला लागले.

महिन्याभराने अश्वजीतचा फोन आला.

"काय बाबा, घराची कमाई कशी आहे? किती ठिकाणाहून येऊन राहिली?"

"एकाच," दयाराम म्हणाले. "तुझ्या आईच्या पातेल्यातून."

"अन् तुम्ही? पार्टनर?"

"छे रे! मी टेम्पररी. कायम करा म्हणून विनंती केली, तर म्हणते, काम पाहून ठरवू. ओव्हरटाइमचं विचारलं, तर म्हणे पेन्शन भेटते ना! पण बाबू, खरं सांगू? असा फोरमन मले पूर्ण नोकरीत नाही भेटला. मी तर—"

तेवढ्यात भोंगा झाला. पुढचं वाक्य राहूनच गेलं. फोन ओट्यावर तसाच टाकून दयाराम धावले, आणि पुण्यात अश्वजीतला फक्त आईचा आवाज ऐकू आला.

"भोंगा झाला, अन् कांदा अजून चिरला नाही? आज तुमची अर्धी हाजिरी!"